सगळ्यात मोठी फाइल

लेक उद्या हॉस्टेलला निघणार, म्हणून आई हातातलं शिवण बाजूला सारून कॉम्प्युटरपुढे बसली. लेकीची गाणी तिच्या नव्या फोनमध्ये भरायची होती. वायर जोडली, गाणी भराभर जायला लागली आणि मध्येच घोडं अडलं.

“अगं, फोनमध्ये जागा नाही म्हणतोय. काय काढू?”

“काहीही काढ!” बॅगेशी झटापट करणारी लेक आतून ओरडली.

आईने यादी चाळली. सगळ्यात मोठी फाइल होती ‘झोप’, चांगली दोन तासांची. “ही ‘झोप’ काढते गं.”

लेक धावतच बाहेर आली. “तिला हात लावू नकोस! हवं तर बाकीची सगळी गाणी काढ.”

आता मात्र आईच्या मनात पाल चुकचुकली. असा कोण गाणारा लागून गेलाय? तिने लेकीच्या देखत फाइल लावली.

खडखड, खडखड, खडखड.

आईने दचकून आपल्या शिलाई मशीनकडे पाहिलं. ते तर झाकणाखाली गप्प होतं. याच आवाजापायी रोज डोक्यावर उशी दाबून कुरकुरणारी लेक आता खाली मान घालून उभी होती. “तिकडे झोप नाही आली तर...”

“म्हणून हे असलं घेऊन जाणार?” आई कडाडली. “कसं कुरकुरतंय ऐक, तेल नव्हतं तेव्हा. काढ ती गाणी, जागा कर आणि फोन इथे मशीनजवळ ठेव.”

तिने झाकण उचललं, मशीनमध्ये दोन थेंब तेल सोडलं, सुईतला दोरा काढून टाकला आणि कापडाशिवायच मशीन चालवायला बसली.