कमरेखालचे आजार

"आमच्या घराण्यात कमरेखालच्या आजाराने आजवर कुणीही मेलेलं नाही," आर्डिस मावशीने जाहीर केलं, आणि रविवारच्या जेवणाच्या टेबलावर वाटाण्यांचा वाडगा पुढे सरकवला.

लगेच तिचे यजमान ऑर्व्हिन काका आपल्या गोठ्यातलं सांगू लागले. पहाटे पर्ल गायीचं मायांग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलं होतं. ते धुऊन, सूज उतरायला वर साखर चोळून, खांद्यापर्यंत हात घालून आत कसं बसवलं, हे त्यांनी त्याच हाताने करून दाखवलं आणि मीटलोफचा, भाजलेल्या खिम्याच्या लादीचा, तुकडा उचलला.

विस्कॉन्सिनच्या त्या टेकड्यांत जेवताना असंच बोलणं चाले. व्यायल्यावर आत अडकलेली वार, पू, त्याचा वास. कुणाचा घास अडत नसे. मॅरिटने मात्र काटा खाली ठेवला. मीटलोफवरचा लाल सॉस तिला बघवेना.

मॅरिट सत्तावीस वर्षांची. आजी, म्हणजे आईची आई, गेली तेव्हा 'हृदय कमजोर' असं सांगण्यात आलं होतं. आई गेली तेव्हाही तेच. मंगळवारी मॅडिसनला तिची तपासणी होती. त्या दोघी नक्की कशाने गेल्या ते विचारूनच या, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिच्यावर नुसती नजर ठेवायची की वेळीच काही काढून टाकायचं, ते त्यावर ठरणार होतं.

मावशी म्हणजे आईची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. मॅरिटने आई-आजीचं पुन्हा विचारलं तसं तिने नाक मुरडलं.

"शी. जेवायला बसून काय हे घाणेरडं. तुझ्या आईला मुळीच आवडलं नसतं."

"आई बेचाळिसाव्या वर्षी गेली, मावशी. तेही तिला आवडलं नसेल."

मावशीने आपलं अर्धवट जेवलेलं ताट उचललं आणि ती सफरचंदाचा केक आणायला आत गेली. हल्ली तिला भूकच नसायची. दोष ती सप्टेंबरच्या उकाड्याला देई.

मॅरिट काकांकडे वळली. "काका, समजा एक गाय होती आणि तिची आई. दोघी पोट फुगून गेल्या."

काका गंभीर झाले. हा आता धंद्यातला प्रश्न होता.

"आईच्या बीजांडकोशात गाठ होती. चांगली खरबुजाएवढी. मुलीची लहान, पण आतड्यांपर्यंत पसरलेली. उघडून बघितलं आणि तसंच शिवलं. असला वाण मी गोठ्यात ठेवला नसता."

मग तोच वाण समोर बसलाय हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी तिला आणखी वाटाणे वाढले.

मावशी केक घेऊन दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. केक ठेवून ती मॅरिटला म्हणाली, भांडी घासायला चल.

मॅरिट गेली ती भांडायच्या तयारीनेच. ढोंगी, घाणेरडे, खोटारडे, असे तिन्ही शब्द तिने जिभेवर मांडून ठेवले होते. मावशीने स्वयंपाकघराचं दार लावलं, नळ मोठा सोडला आणि ती पातेल्याकडे बघत बोलली.

"ईस्टरपासून, पाच महिने झाले, माझ्या अंगावर जातंय. मंगळवारी मलाही ने. काकांना सांग, मावशीचा दात काढायचाय."