बाकी सगळे नंबर लागतात

टेलरमास्तर मशीनवरून डावीकडे कलंडले तेव्हा पँटची मोहरी अजून सुईखालीच होती. समोर काजं करत बसलेल्या मास्तरीणबाई धावल्या. दोन्ही काखांत हात घालून त्यांनी नवऱ्याला सावरलं, हळूहळू जमिनीवर आडवं केलं. चेहरा घामानं डबडबला होता आणि हात छातीवर दाबलेला.

"काही नाही, पित्त असेल," मास्तर म्हणाले. ओठ पांढरे पडले होते.

"बोलू नका," बाई म्हणाल्या. शर्टाची वरची दोन बटणं सोडली आणि फोनकडे वळल्या.

तातडीच्या मदतीचा नंबर पाठ होता. तो लावला. पलीकडून एका बाईचा गोड आवाज आला. "या मोफत सेवेवरून तातडीचे क्रमांक लावता येत नाहीत. कृपया दुसऱ्या फोनचा वापर करा."

दुसरा होता तो मास्तरांचा साधा बटणांचा मोबाइल. दुकानामागच्या या खोलीत त्याला कधीच रेंज नसायची, बोळ ओलांडून चौकापर्यंत जावं लागे. बाजाराला आज सुट्टी, आजूबाजूची सगळी शटरं खाली. हाक मारावी तर ऐकायला कुणी नाही, आणि चौकात जावं तर यांना एकटं टाकून जायचं.

सहा महिन्यांपूर्वी परदेशातल्या लेकीनं ही इंटरनेटवर चालणारी डबी पाठवली होती आणि जुना तारेचा फोन काढून टाकायला लावला होता. "फुकट आहे आई, रोज तासभर बोलू. दोन-तीन गोष्टी चालत नाहीत यावर, बाकी काही नाही." कुठल्या, ते बाईंनी विचारलं नव्हतं. रोजचा तास मात्र एकदाही चुकवला नव्हता.

आत्ता लेकीला लावला असता तर लगेच लागला असता. पण सातासमुद्रापलीकडून ती रडण्याखेरीज काय करणार? बाईंनी तिचा नंबर फिरवला नाही. साधे नंबर लागतात ना, मग साधाच नंबर शोधायचा. त्यांनी मापांची वही ओढली.

मास्तर वहीत गिऱ्हाइकांची नावं लिहीत नसत, खुणा लिहीत. 'बँकवाला, पोट आत घेऊन उभा राहतो, दोन इंच सोडणे.' 'नवरदेवाचा काका, घाईवाला.' बाई थुंकी न लावता भराभर पानं उलटत गेल्या. शेवटून चौथ्या पानावर सापडला. 'ॲम्ब्युलन्सवाला. उंच. उजवा खांदा उतरता. गणवेश दोन.' खाली नंबर.

लागला. "हॅलो? कोण?"

"मी मास्तरीण. मास्तरांच्या छातीत—"

"हॅलो? आवाज तुटतोय. कोण बोलतंय?"

या फोनवर बोललेलं थोड्या वेळानं पोचतं, हे बाईंना लेकीशी बोलून बोलून ठाऊक झालं होतं. दोघं एकदम बोललं की दोघांचंही वाया. त्यांनी श्वास घेतला. एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबत म्हणाल्या, "मास्तर. पडले. दुकानात. गाडी आणा."

पलीकडे खरखर झाली आणि फोन मुका झाला. पुन्हा लावला, लागेना. तिसऱ्यांदाही लागेना. त्यानं काय ऐकलं, काही ऐकलं का, कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी रिसीव्हर ठेवला. दुकानाचं शटर पूर्ण वर ढकललं. कपाटातून लाल अस्तराचा तागा काढला, टर्रकन फाडला आणि गाडीला दुकान दिसावं म्हणून दारासमोरच्या खांबाला बांधून आल्या. परत येऊन मास्तरांचं डोकं मांडीवर घेतलं.

"गिऱ्हाइकाचा तागा होता तो," मास्तर पुटपुटले.

"भरून देऊ. डोळे उघडे ठेवा. माझ्याकडे बघा."

पंधरा मिनिटांनी बोळात गाडी घुसली. ॲम्ब्युलन्सवाला घरच्या कपड्यांतच होता, पायात स्लिपर. सोबतच्या माणसानं स्ट्रेचर आत घेतलं.

"तुम्हाला ऐकू आलं सगळं?" बाईंनी गाडीत बसता बसता विचारलं.

"नाही मावशी. 'मास्तर' एवढंच आलं, आणि आवाज तुमचा वाटला. पण तुम्ही कधी फोन करत नाही. केला म्हणजे काहीतरी असणार."

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. मास्तर वाचले. पाचव्या दिवशी ते उशीला टेकून बसले आणि अर्धवट राहिलेल्या मोहरीची चौकशी करू लागले, तेव्हा बाई दवाखान्यातून निघाल्या त्या थेट टेलिफोनच्या कार्यालयात गेल्या.

"तारेचा फोन हवाय," त्या म्हणाल्या.

खिडकीतल्या कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "काकू, आता तारेचा कोण घेतं? इंटरनेटचा फुकट मिळतो की."

"आहे तो. लेकीशी बोलायला. तो राहणारच." बाईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "तुमच्या फोनवरून तातडीचा नंबर लागतो?"

"लागतो."

"वीज गेली तरी?"

"तारेचा आहे, चालतो."

"लिहून द्या."

कारकून हसला, पण बाई हसत नाहीत हे पाहून त्यानं कागद घेतला आणि दोन ओळी लिहून सही केली. बाईंनी त्या दोनदा वाचल्या, घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवल्या. मग त्यानं फॉर्म भरायला घेतला. कारकून एकेक रकाना विचारत होता.

"महिन्याला साधारण किती कॉल होतील?"

"एकही नाही झाला तर बरं," बाई म्हणाल्या आणि सही करायला पेन मागितलं.