गुत्त्याच्या दारातला उपदेश

"दारू सोडा!" इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या एका खेड्यात मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या तबिथाबाई गाढवगाडीत उभ्या राहून उपदेश करत होत्या. गिऱ्हाईक तुटेल या धास्तीने गुत्तेवाल्या सायलसने हळूच गाढवाची शेपटी पिरगाळली.

गाढव उधळलं. पण पूर्वी ते दारूची पिंपं वाहायचं. सवयीने ते थेट सायलसच्या गुत्त्यावर गेलं आणि एकुलत्या एका दारात गाडी आडवी लावून उभं राहिलं. आतले पिणारे आतच अडकले. बाईंनी टोपी सावरली, तोंड आत वळवलं आणि उपदेश पुढे चालू केला.

सायलस गाढव ओढून दमला. आतून भक्तिगीतं ऐकू येऊ लागली, तसा तो रडकुंडीला आला.

"बाई, आवरा आता!"

"मी केव्हाच आवरलं," बाई म्हणाल्या. "हे लोकच थांबत नाहीत."