का, ते मला विचार

शेजारच्या टेबलावर बसणारी ती नोकरी सोडून गेली आणि तिचा प्रोग्रॅम त्याच्या गळ्यात पडला. त्यात एका ओळीवर तिने टीप लिहून ठेवली होती : 'ही ओळ काढू नकोस. का, ते मला विचार.' नंबर पाठ होता, पण फोन करायचा धीर काही झाला नाही. पुढे नव्या नव्या भाषा आल्या, तो मॅनेजर झाला, हाताखालची माणसं बदलली. "त्या ओळीला हात लावू नका, सगळं कोसळेल," हे त्याचं पालुपद मात्र सोळा वर्षं टिकलं.

आज एआयने अख्खा प्रोग्रॅम नव्याने लिहिला आणि ती ओळ गाळून टाकली.

"काय बंद पडलं?" त्याने धास्तावून विचारलं.

"काहीच नाही, सर," नवी प्रोग्रॅमर म्हणाली. "ती ओळ पहिल्या दिवसापासून काही करतच नव्हती. नुसतीच ठेवली होती कुणीतरी."