बेचक्यातली चीर

करवतीचं दुसरं पातं तुटलं ते मुलाच्या कानाला चाटून गेलं आणि मागच्या ओंडक्यात रुतून बसलं. मालकीण धावत आली तोवर पातं फिरवणारी मशीनची दोन्ही चाकं रिकामीच गरगरत होती. मुलगा पांढराफटक पडला होता. "काही नाही झालं, आई," म्हणाला, आणि कान चाचपून पाहिला.

लाकडाची ही वखार तिची होती. नवरा गेल्यावर दिरांनी विकायला काढली, तर तिने त्यांना दारातूनच वाटेला लावलं होतं. शाळेचं तोंड तिने फारसं पाहिलं नव्हतं, पण करवतीचं पातं का तुटतं हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. धार बोथट झाली की तुटतं. ताण जास्त झाला की तुटतं. काम संपल्यावर सैल केलं नाही, तर रात्रभर ताणलेलं राहतं आणि सकाळी तुटतं. चाकांवर भुशाचा थर बसला तरी तुटतं. म्हणून चाकं झाडायचं काम तिने सुनेकडे दिलं होतं. नोकर झाडू फिरवतो तो भुशाला वारा घातल्यासारखा.

सून निमूट होती. भर उन्हाळ्यात मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. सासूने एकदा विचारलं, तर म्हणाली, भुसा टोचतो. मुलाचा हात जरा लवकर उठायचा, पण मनात काही ठेवायचा नाही. बापावर गेलाय, असं मालकीण कौतुकाने सांगायची.

पात्याला धार लावणं आणि त्याची दोन टोकं जोडून गोल करणं सुनेच्या भावाकडे होतं. बहिणीला भेटायला म्हणून आला आणि इथेच कामाला चिकटला. मालकिणीला ते कधीच पटलं नव्हतं. पाहुण्याने पाहुण्यासारखं यावं, चहा घ्यावा, जावं.

तिने तुटलेलं पातं उचललं. जोडावर तुटलं असतं, तर जोड कच्चा होता म्हणता आलं असतं. ते तुटलं होतं भलतीकडेच. चष्मा लावून पाहिलं, तर दोन दातांच्या बेचक्यात एक सरळ खाच. तडा असा आखल्यासारखा जात नाही. हे काम कानशीचं होतं.

तिने पातं गोणपाटाखाली सारलं. कुणापाशी बोलली नाही. पण मशीनचा आवाज जरा बदलला की हातातलं टाकून ती उभी राहायची.

दोन दिवसांनी सगळे जेवायला गेल्यावर तिने नव्या पात्याला रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वरून खडू घासला. कुठे चीर असली तर आतलं रॉकेल खडूवर उमटतं. थोड्या वेळाने पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली. पुन्हा बेचक्यातच.

तिने खडू पुसून टाकला. मोटार तापल्याचं निमित्त करून काम बंद ठेवलं. रात्री जेवताना सगळ्यांसमोर जाहीर केलं, की उद्या मुलगा लाकूड बघायला जाईल आणि करवतीवर सुनेचा भाऊ उभा राहील. ज्याने खाच पाडली तो त्याच पात्यासमोर उभा राहणार नाही, एवढा साधा तिचा विचार. मुलगा कुरकुरला. भाऊ हो म्हणाला. सून वाढत होती, ती वाढतच राहिली.

सकाळी मालकीण वखारीत आली, तर पातं उतरवून कोपऱ्यात ठेवलेलं. भाऊ दुसरं चढवत होता.

"कुणी सांगितलं रे बदलायला?"

त्याच्या हातातला पाना पडला. "टिकटिक करत होतं, मावशी."

"बंद मशीनचं पातं टिकटिक करतं होय? नवलच."

त्याने एकदा घराकडे पाहिलं आणि पाना उचलला. मग तिने त्याला जे झोडपलं, ते सबंध गल्लीने ऐकलं. सख्ख्या बहिणीचा संसार मोडायला निघालास, पोलिसांत देत नाही ते तिच्याकडे पाहून.  त्याने पिशवी उचलली. फाटकापाशी मात्र थांबला.

"मावशी, भाऊजींना मशीनवर उभं करू नका. एवढं ऐका."

"धमकी देतोस?"

तो गेला. सून रडली नाही. दुपारपर्यंत मशीनची चाकं घासत बसली.

मुलगा परतला, त्याने सगळं ऐकलं आणि बायकोला घरात घेऊन गेला. भांडी आपटल्याचा आवाज आला. राग निघून जाऊ दे एकदाचा, मालकिणीने मनात म्हटलं. मग दोघं बाहेर आली. मुलगा थेट करवतीकडे गेला.

तिने सुनेला जवळ बोलावलं. भावाच्या पापाचा डाग तुझ्यावर नाही, म्हणाली, आजपासून पातं तुझ्याकडे, या कामाला घरचंच माणूस हवं. सुनेने रॉकेल लावलं, पुसलं, खडू घासला. एकेक बेचकं बोटाने चाचपून पाहिलं.

"स्वच्छ आहे," ती म्हणाली.

कित्येक दिवसांनी मालकिणीच्या जिवात जीव आला. तिने मुलाला खूण केली. मशीनने वेग घेतला. मुलाने ओंडका पुढे ढकलला.

सून येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"पातं बदल म्हणून दादाला मीच सांगितलं होतं," ती हळूच म्हणाली. "त्याच्या अंगावर यायला नको होतं ते."