जोडाक्षर

“वाऱ्याचेय पैसे लावतलो ह्यो,” पंख्याखाली बसलेली बायको धाकूच्या कानाशी पुटपुटली. कोल्हापूरचा शेट नव्या ट्रकच्या किमतीवर विमा, पासिंग, आणखी कसले कसले खर्च चढवत होता आणि मुलगा भिकाजी एकेका रुपयासाठी हातघाईवर येत होता. आगाऊ भरायची रोकड कुठून आली, हे आठवडाभर घरात कुणीच उच्चारलं नव्हतं. धाकूच्या मुठीत देवबागच्या किनाऱ्यावर माडाला लोंबकळत राहिलेला सुंभ होता. “गाडीवर नाव रंगवायचं तर अक्षरामागे आठ आणे, जोडाक्षराला रुपया,” शेटनं शेवटी सांगितलं. भिकाजी हसला. “मग ‘पितृकृपा’ घाला. चार अक्षरं, जोडाक्षर एकही नाही.” “बाबा, मुलगा हुशार निघाला,” शेट म्हणाला. धाकूनं सुंभ टेबलावर ठेवला. “झिला, मी सांगतंय ता रंगव. त्यातय एक जोडाक्षर नाय,” तो सावकाश म्हणाला, “‘बापाशीक न इचारता होडी इकली.’”