मिसरचे पिरॅमिड

जर्मनीशी लढाई चालू होती. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या बाजारात वांगी विकणाऱ्या पुंजारामाच्या हाती भरतीवाल्यानं मिसरच्या पिरॅमिडांचं चित्र ठेवलं. जत्रेतल्या चित्रपेटीत पाहिल्यापासून ते पुंजारामाच्या स्वप्नात येत. “जहाज फुकट, जेवण फुकट. आंगठा ठेव, अन् सारं डोळ्यानं पाय,” भरतीवाला म्हणाला. पुंजारामानं आंगठा शाईत बुडवला, तशी रुख्मिणीनं नवऱ्याचं मनगट धरलं. फुकट देणारा माणूस तिला खरा वाटेना. “तुमी सोता गेलते का?” “गेलतो ना, बाई.” “मंग लेकराची शपथ घेऊन सांगा, काय पायलं तिथं?” भरतीवाल्याचा चेहरा उतरला. “दुरून दिसले,” तो पुटपुटला. “आमाले मुडदे पुराले नेलं होतं.” रुख्मिणीनं पदरानं नवऱ्याचा आंगठा पुसला. भरतीवाला कागद गुंडाळून निघाला, तेव्हा पुंजारामानं हळूच विचारलं, “पन दुरून तरी कसे दिसत होते, भाऊ?”